नाताळची विज्ञानकथा आणि आपला दिवाळी अंक

सण आणि विज्ञानकथा यांचे वरवर पाहता काही सख्य दिसत नाही. सणाला तेच पदार्थ, तीच माणसे, तीच गाणी आणि त्याच आठवणी हव्या असतात. विज्ञानकथेला मात्र जे अजून घडलेले नाही, कदाचित कधीच घडणार नाही, त्याचीच ओढ. असे असूनही ब्रिटनमध्ये २००५ ते २०१७ अशी सलग तेरा वर्षे २५ डिसेंबरच्या संध्याकाळी लक्षावधी कुटुंबे जेवणाची ताटे बाजूला सारून एका विज्ञान मालिकेचा खास भाग पाहण्यासाठी दूरचित्रवाणी संचासमोर बसत होती. ती मालिका म्हणजे बीबीसीची 'डॉक्टर हू'. सणाच्या या खास भागाची परंपरा कोठून आली, तो कसा रचला जातो आणि मराठी वाचकाच्या घरातील दिवाळी अंकाशी त्याचे कोणते नाते आहे, हे समजून घेण्याजोगे आहे.

निळ्या पेटीतला प्रवासी

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. 'डॉक्टर हू'चा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रसारित झाला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती आणि सारे जग त्या बातमीने सुन्न झाले होते. म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. मालिकेचा नायक स्वतःला केवळ 'डॉक्टर' म्हणवतो. तो परग्रहावरचा आहे, हजारो वर्षे जगू शकतो आणि टार्डिस नावाच्या यानातून काळात व अवकाशात कोठेही जाऊ शकतो. हे यान बाहेरून ब्रिटनमधील जुन्या रस्त्यांवर असे तशा निळ्या पोलीस-पेटीसारखे दिसते. आत मात्र अफाट मोठे आहे.

मालिका इतकी वर्षे टिकण्याचे रहस्य एका युक्तीत आहे. डॉक्टर मरणाच्या दारात पोहोचला की त्याची काया बदलते. माणूस तोच, आठवणी त्याच. चेहरा, वय आणि स्वभाव मात्र नवे. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळू लागली तेव्हा १९६६ मध्ये ही कल्पना पुढे आली आणि पॅट्रिक ट्राउटन त्यांच्या जागी आले. आत्मा वस्त्राप्रमाणे देह बदलतो हे ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडले आहे, त्या आपल्या वाचकांना यात फारसे नवल वाटणार नाही. ब्रिटिश दूरचित्रवाणीला मात्र या एका कल्पनेने नायक बदलूनही मालिका चालू ठेवण्याची सोय करून दिली.

या मालिकेचा मुंबईशीही एक धागा आहे. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म १९३८ मध्ये लखनौला झाला आणि त्यांचे बालपण मुंबईत गेले. १९४६ मध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला गेले. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट ही एक तरुण स्त्री आणि दिग्दर्शक एक तरुण भारतीय, अशा जोडीच्या हाती १९६३ च्या बीबीसीने ही मालिका सोपवली, ही घटना त्या काळाच्या मानाने साधी नव्हती.

हरवलेला पहिला नाताळ

या मालिकेचा नाताळच्या दिवशीचा पहिला भाग योगायोगाने घडला. मालिका दर शनिवारी दाखवली जाई आणि १९६५ मध्ये २५ डिसेंबरला शनिवार आला. त्या वेळी 'द डालेक्स मास्टर प्लॅन' ही बारा भागांची दीर्घ कथा सुरू होती. कथा चांगलीच उग्र होती. डॉक्टरच्या सोबतीने प्रवास करणारी एक तरुणी तीन आठवड्यांपूर्वीच तीत मृत्युमुखी पडली होती. सणाच्या दिवशी घराघरांत असे काही दाखवायचे कसे? म्हणून सातव्या भागापुरती कथेला बगल देण्यात आली. 'द फीस्ट ऑफ स्टीव्हन' नावाच्या या भागात डॉक्टर आणि त्याचे सोबती एका पोलीस ठाण्यात आणि मग मूकपटांच्या काळातील हॉलिवूडच्या चित्रीकरणगृहात धमाल उडवतात. शेवटी हार्टनेल पेला उंचावतात, थेट कॅमेऱ्याकडे वळतात आणि घरी बसलेल्या सर्वांना नाताळच्या शुभेच्छा देतात. आपण नाटकात आहोत हे पात्राने क्षणभर विसरायचे आणि प्रेक्षकाशी बोलायचे, ही रीत आपल्या तमाशाला आणि संगीत नाटकाला परकी नाही. दूरचित्रवाणीवरील गंभीर विज्ञानकथेत मात्र ती अनेकांना खटकली.

हा भाग आज कोणालाच पाहता येत नाही. त्या काळी चित्रफिती महाग असत; प्रसारण झाले की त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. परदेशांना विकण्यासाठी काढलेल्या प्रतींमुळे अनेक भाग पुढे सापडले. पण नाताळचा हा भाग परदेशी विक्रीसाठी दिलाच गेला नाही, त्यामुळे त्याचे चित्र कायमचे गेले. ध्वनी आणि संहिता तेवढी उरली. साठच्या दशकातील या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग असेच नाहीसे झाले आहेत. सणासाठी केलेली गोष्ट त्या दिवसापुरतीच असते, ती जपून ठेवण्याजोगी नसते, असा समज त्यामागे होता. आपल्याकडेही जुने दिवाळी अंक रद्दीत गेले ते याच समजुतीने.

चाळीस वर्षांनी पुनरागमन

१९८९ मध्ये मालिका बंद पडली. १९९६ मधील एका चित्रपटाचा अपवाद सोडला तर सोळा वर्षे तिचा नवा भाग दूरचित्रवाणीवर आला नाही. मार्च २००५ मध्ये लेखक-निर्माते रसेल टी. डेव्हिस यांनी ती पुन्हा उभी केली आणि पहिल्याच वर्षी बीबीसीने नाताळचा खास भाग मागितला. 'द ख्रिसमस इन्व्हेजन' हा तासाभराचा भाग २५ डिसेंबर २००५ रोजी दाखवला गेला. तो इतका यशस्वी ठरला की पुढच्या सर्व खास भागांचा साचा त्यातूनच तयार झाला. म्हणून तो थोडा तपशिलात पाहू.

डॉक्टरने नुकतीच काया बदलली आहे. नव्या रूपात डेव्हिड टेनंट आहेत, पण भागाचा बराचसा वेळ ते पायजम्यात, बिछान्यात बेशुद्ध पडलेले! इकडे लंडनच्या रस्त्यावर सांताक्लॉजचे मुखवटे घातलेले यंत्रमानव बँडची वाद्ये वाजवता वाजवता त्यांतून आगीचे लोळ सोडतात. घरात आणलेला शोभेचा नाताळवृक्ष गरगरा फिरत भिंती कापू लागतो. सायकोरॅक्स नावाचे परग्रहवासी पृथ्वीवर चाल करून येतात आणि एका विशिष्ट रक्तगटाची जगभरातील माणसे संमोहित होऊन इमारतींच्या गच्च्यांवर, अगदी कडेला, जाऊन उभी राहतात. सैन्य हतबल, पंतप्रधान हतबल. शेवटी डॉक्टरला शुद्धीवर आणते ती थर्मासमधून सांडलेल्या चहाची वाफ. पुढे तलवारीचे द्वंद्व होते आणि शत्रूचा पाडाव होतो तो पायजम्यावरच्या झग्याच्या खिशात सापडलेल्या एका संत्र्यामुळे.

गोष्ट इथे संपली असती तर ती निव्वळ गंमत ठरली असती. पण माघार घेऊन परत निघालेले शत्रूचे यान पंतप्रधानांच्या हुकमावरून उडवले जाते. डॉक्टर संतापतो. त्यानंतर घरात सणाची पंगत बसते, कागदी मुकुट डोक्यावर चढतात आणि बाहेर पांढरे काही भुरभुरू लागते. सगळे हरखतात; पण तो बर्फ नसतो, जळालेल्या यानाची राख असते. तासभर हसवल्यानंतर मुलांनाही कळेल अशा भाषेत हा भाग विचारून जातो, की शरण आलेल्यावर वार करणारा विजय साजरा करायचा का? सणाच्या दिवशी, सगळे एकत्र बसलेले असताना, एवढा अवघड प्रश्न विचारण्याचे धैर्य हेच या भागाचे खरे यश. सुमारे ९८ लाख लोकांनी तो पाहिला. २००७ च्या 'व्हॉयेज ऑफ द डॅम्ड' या भागाने तर १ कोटी ३३ लाख प्रेक्षकांचा पल्ला गाठला.

खास भागाची घडण

या भागांची रचना पाहिली की काही नियम स्पष्ट दिसतात. पहिला नियम, गोष्ट स्वयंपूर्ण हवी. नाताळला मालिकेचे निष्ठावंत प्रेक्षक तर असतातच, शिवाय एरवी तिकडे ढुंकूनही न पाहणारे काका-मामा, आजी-आजोबा आणि शेजारीही समोर बसलेले असतात. मागचे बारा भाग पाहिले नाहीत म्हणून त्यांना काही कळेनासे होऊन चालत नाही. म्हणून बहुतेक खास भागांत नवा पाहुणा येतो, डॉक्टर त्याला आपली ओळख करून देतो आणि त्या निमित्ताने प्रेक्षकालाही.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा. परके जे काही येईल ते सणाच्या ओळखीच्या वस्तूंतूनच यावे. सांताक्लॉज, वृक्ष, बर्फाचा पुतळा, भेटवस्तूंची खोकी, चांदणी, यांपैकी एकाला काहीतरी 'होते' आणि गोष्ट सुरू होते. २०१० च्या 'अ ख्रिसमस कॅरोल' या भागात एका ग्रहावरच्या धुक्यात मासे पोहतात. आकाशाचा ताबा एका कंजूष म्हाताऱ्याकडे आहे आणि चार हजारांहून अधिक प्रवाशांचे यान कोसळण्याच्या बेतात आहे. डॉक्टर त्या म्हाताऱ्याच्या भूतकाळात शिरून त्याचे बालपणच बदलू लागतो. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ मधील कथेत भुते जे काम करतात, तेच येथे कालयान करते.

तिसरा नियम, हसू आणि वियोग एकाच ताटात वाढायचे. वर्ष सरत आलेले असते. गेल्या वर्षी पंगतीला असलेले कोणी यंदा नसते. मालिकेच्या कर्त्यांनी हे नेमके ओळखले. २०१३ मध्ये मॅट स्मिथ आणि २०१७ मध्ये पीटर कपाल्डी या दोन्ही डॉक्टरांनी नाताळच्याच दिवशी निरोप घेतला. कपाल्डींच्या निरोपाच्या भागात पहिल्या महायुद्धातील १९१४ चा नाताळ येतो, ज्या दिवशी समोरासमोरच्या खंदकांतील सैनिकांनी आपणहून शस्त्रे खाली ठेवली होती. २०२४ च्या 'जॉय टु द वर्ल्ड' या भागातील तरुणीचे दुःख कोरोनाच्या साथीतले आहे: नाताळच्या दिवशी इस्पितळात आई गेली आणि मुलीला तिच्याजवळ जाता आले नाही. गोष्टीच्या शेवटी आकाशात जो तारा उजळतो, तो बेथलहेमचा असतो.

आणि हे सारे घडते भर उन्हाळ्यात! पहिल्या खास भागाचे चित्रीकरण २००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये झाले होते. दिवाळी अंकाचे संपादक लेखकांना मे-जूनमध्येच पत्रे धाडतात आणि लेखक पावसाच्या धारा पाहत दिव्यांच्या सणासाठी कथा लिहितो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे आश्चर्य वाटू नये.

एकाच घराण्यातील दोघे

दिवाळी अंकाचा उल्लेख येथे केवळ उपमेसाठी केलेला नाही. दोघांचे मूळ एकच आहे. डिकन्सने १८५० मध्ये 'हाउसहोल्ड वर्ड्स' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्याच वर्षापासून नाताळचा खास अंक काढण्याचा प्रघात पाडला. पुढे 'ऑल द इयर राउंड' या नियतकालिकातही तो त्याने चालू ठेवला. शेकोटीभोवती बसून भुताखेतांच्या गोष्टी सांगण्याची जुनी रीत या अंकांनी छापील केली. १८६६ च्या खास अंकातील 'द सिग्नलमॅन' ही कथा पाहा. तीत एक रेल्वेचा सिग्नलवाला आहे, तारयंत्राची घंटा आहे, बोगदा आहे आणि अपघाताची आगाऊ सूचना देणारे एक भूत आहे. स्वतः डिकन्स आदल्याच वर्षी एका भीषण रेल्वे अपघातातून वाचला होता. नव्या यंत्राबद्दलची धास्ती आणि जुनी भुताटकी यांची ही सांगड म्हणजे विज्ञानकथेची शेजारीणच. बीबीसीने १९७६ च्या नाताळात याच कथेचे दूरचित्रवाणी रूपांतर दाखवले. छापील खास अंकाकडून छोट्या पडद्यावरील खास भागाकडे जाणारी वाट ती हीच.

त्याच झाडाची दुसरी फांदी मुंबईत रुजली. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. नाताळच्या जागी दिवाळी आली, शेकोटीच्या जागी फराळाचे ताट आले. पण सणाच्या निमित्ताने घरातील सर्वांनी मिळून वाचावे असे काही खास, ही कल्पना तीच राहिली. 'डॉक्टर हू'चा नाताळ विशेष भाग आणि आपला दिवाळी अंक हे असे एकाच आजोबांचे दोन नातू आहेत. एक पडद्यावर गेला, एक कागदावर राहिला.

विज्ञानकथेलाही आपल्याकडे आसरा मिळाला तो मुख्यतः नियतकालिकांच्या पानांवर. 'केरळकोकिळ' मासिकातून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे रूपांतर वाचकांसमोर आले. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. १९७४ च्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या कोणा अपरिचित लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. नावाची आद्याक्षरे उलटी वाचली की खरा लेखक सापडतो, जयंत विष्णू नारळीकर! जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञाचे नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये म्हणून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या वाटेची दखल घेतली आणि विज्ञानकथा साहित्याच्या अंगणात आली.

त्यानंतर दिवाळी अंक आणि विज्ञानकथा यांचे नाते घट्ट होत गेले. 'नवल' आणि 'धनंजय' यांसारख्या अंकांनी गूढकथा, रहस्यकथा, भयकथा यांच्या पंगतीला विज्ञानकथेलाही पाट मांडला. नारळीकरांबरोबर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे हे लेखक वाचकांच्या ओळखीचे झाले. एरवी विज्ञानाचे पुस्तक हाती न घेणारी गृहिणी, शाळकरी मुलगा, निवृत्त कारकून, सगळे चकलीचा तुकडा मोडत मोडत कृष्णविवर आणि कालप्रवास वाचू लागले. ब्रिटनमध्ये नाताळच्या संध्याकाळी जे घडते, ते आपल्याकडे भाऊबीजेच्या दुपारी घडत होते.

साम्य येथेच थांबत नाही. नारळीकरांच्या पुस्तकांची नावे पाहावीत: 'यक्षांची देणगी', 'अंतराळातील भस्मासुर', 'वामन परत न आला'. परके विज्ञान घरात आणायचे तर त्याला ओळखीचे नाव द्यावे, हे त्यांनी जाणले होते. सांताक्लॉजच्या मुखवट्याआड यंत्रमानव लपवणारी युक्ती आणि यंत्रमानवाला वामन म्हणणारी युक्ती एकच आहे. त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा मुंबईत पोहोचतात, जिच्या इतिहासात पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे. पानिपत हा शब्द ज्या भाषेत वाक्प्रचार होऊन बसला आहे, तिच्यात समांतर विश्वाची कल्पना समजावण्यासाठी याहून चांगला दाखला कोठून मिळणार?

पडद्यावर मात्र रिती जागा

मग मराठी दूरचित्रवाणीवर असे काही का घडले नाही? हिंदीत थोडेफार प्रयत्न झाले. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने 'स्टार ट्रेक' दाखवली, केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' १९९८ मध्ये आली. मराठीत सणांच्या खास भागांचा तर सुकाळ आहे. गणपतीत, दिवाळीत वाहिन्यांवर 'महाएपिसोड' असतात. तासाभराचे, दोन तासांचे. पण त्यांत मालिकेतले कुटुंब सण साजरा करते, नव्या साड्या दिसतात, एखादे भांडण मिटते आणि दुसरे पेटते. तेथे सण मालिकेत पाहुणा म्हणून येतो आणि काही न बदलता निघून जातो. 'डॉक्टर हू'मध्ये याच्या उलट घडते. बाहेरचे अफाट जग सणाच्या घरात शिरते आणि घरातल्यांना आपल्या जगण्याकडे नव्याने पाहायला लावते. भेद खर्चाचा नाही, कल्पनेचा आहे. १९६३ मध्ये 'डॉक्टर हू' सुरू झाली तेव्हा तिच्याजवळ पैसा अगदी तुटपुंजा होता. तिच्या राक्षसांची आणि डगमगत्या नेपथ्याची ब्रिटनमध्ये अनेक वर्षे थट्टा होत असे.

रोज एक भाग या वेगाला विज्ञानकथा मानवत नाही हेही खरे. तिला आधी नियम ठरवून घ्यावे लागतात आणि मग ते पाळावे लागतात. पण वर्षातून एकदा, एका संध्याकाळी, तासाभराची एक स्वयंपूर्ण गोष्ट? तेवढ्यासाठी अर्ध्या शतकातील दिवाळी अंकांतून जमलेल्या कथांचे भांडार हाताशी आहे. बऱ्याच कथांना अवकाशयानांचे ताफेही लागत नाहीत. एक दिवाणखाना, एक प्रयोगशाळा आणि दोन चांगले नट पुरतात.

मनोरीतून पाहताना

मुंबईच्याच एका टोकाला अशा गोष्टीसाठी जागा तयार आहे. मालाडहून मार्वेला जावे, बोटीने खाडी ओलांडावी की मनोरी येते. रस्त्याने जायचे तर भाईंदर, उत्तन, गोराई असा लांबचा वळसा. येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज मूळचा याच किनाऱ्यावरचा. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्याने हे नाव घेतले. घरची बोली मात्र मराठीच राहिली. नाताळात येथे घरापुढे चांदणीचा कंदील लागतो, बाळ येशूचा गोठा मांडला जातो, कलकल आणि नेवऱ्या तळल्या जातात. आपल्या करंजीची बहीण असलेली नेवरी आणि आपल्या आकाशकंदिलाची बहीण असलेली चांदणी! दिवाळी आणि नाताळ ही एकाच घराण्याची दोन दालने आहेत, हे पाहण्यासाठी लंडनला जाण्याची गरज नाही; मार्वेची बोट पुरे.

भविष्याचा प्रश्नही येथे पुस्तकी नाही. गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि तिवरांचे रान. समुद्राची पातळी वाढू लागली तर मुंबईत ज्या वस्त्यांच्या उंबऱ्याशी पाणी आधी येईल, त्यांत अशा किनारी गावठाणांचा क्रम वरचा. याच मनोरीत समुद्राचे पाणी गोडे करण्याचा, सुरुवातीला दररोज २० कोटी लिटर क्षमतेचा, प्रकल्प मुंबई महानगरपालिकेने आखला. शहराची तहान, कोळ्यांची मासेमारी, तिवरांचे भवितव्य आणि यंत्रांचे सामर्थ्य असे सगळे पदर एका गावात एकवटले आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये बीबीसीने 'डॉक्टर हू'च्याच विश्वातील 'द वॉर बिटवीन द लँड अँड द सी' ही छोटी मालिका दाखवली. मानवाने नासवलेल्या समुद्राच्या तळाशी राहणारी एक प्राचीन जमात वर येऊन माणसांना जाब विचारते, असा तिचा विषय. तो प्रश्न टेम्सच्या काठी जेवढा खरा, त्याहून मनोरीच्या खाडीत कांकणभर अधिकच खरा आहे.

दार उघडे राहावे

ब्रिटनमध्येही ही परंपरा आता डळमळते आहे. २०१७ नंतर खास भाग नाताळाऐवजी नववर्षदिनाकडे सरकला. २०२३ आणि २०२४ मध्ये तो नाताळला परतला आणि २०२५ मध्ये पुन्हा खंड पडला. डिस्नेबरोबरची भागीदारी संपल्याचे सांगतानाच बीबीसीने ऑक्टोबर २०२५ मध्ये २०२६ च्या नाताळासाठी रसेल टी. डेव्हिस यांच्याच लेखणीतून नवा खास भाग येईल, असे जाहीर केले. अडचण केवळ पैशांची नाही. ज्याने त्याने आपापल्या पडद्यावर, आपापल्या सवडीने पाहायचे म्हटल्यावर सर्वांनी एकाच वेळी एकत्र बसण्याला फारसे कारण उरत नाही. आपल्याकडे दिवाळी अंक अजूनही शेकड्यांनी निघतात, पण घरातले सर्वजण एकच अंक हातोहाती वाचत आहेत, हे दृश्य विरळ झाले आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा अनेकांना प्रथम आठवले ते त्यांचे विश्वरचनाशास्त्रातील संशोधन नव्हे, तर लहानपणी दिवाळीच्या सुटीत वाचलेली त्यांची कुठलीतरी कथा.

त्या आठवणीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. विज्ञानाविषयीचे कुतूहल सगळ्यांनाच शाळेच्या पुस्तकातून मिळते असे नाही. पुष्कळांना ते सुटीच्या दिवशी, घरच्यांच्या संगतीत, एखाद्या चांगल्या गोष्टीतून मिळते. आज मराठी घरातील मुलगा भविष्याची स्वप्ने पाहतो ती बहुतेक इंग्रजीत आणि ती लंडन वा न्यूयॉर्कमध्ये घडतात. गच्च्यांच्या कडेला उभी राहिलेली माणसे बोरिवलीच्या गच्चीवर का नसावीत, धुक्यातले मासे मनोरीच्या खाडीवर का तरंगू नयेत, याला काही उत्तर नाही. त्या कथा मराठीत लिहिणारे आहेत, वाचणारेही आहेत. एखाद्या वाहिनीने दिवाळीतील एक संध्याकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवावी आणि घरातल्या मोठ्यांनी त्या संध्याकाळी आपापले मोबाइल बाजूला ठेवून मुलांच्या शेजारी बसावे. सुरुवात करायला एवढे पुरेसे आहे.